बेबीओ : वडिलांच्या मांडीवरचा ऑपेरा

सहा ते अठरा महिन्यांच्या बाळांसाठी ऑपेरा असतो, हे सांगितल्यावर बहुतेक मराठी घरांत आधी हसूच येईल. मुंबईतल्या काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांसाठी काचेआड स्वतंत्र खोली असते आणि तिथे बाळाला घेऊन जाऊन बसते ती बहुधा आईच. ग्लासगोच्या स्कॉटिश ऑपेराने, म्हणजे १९६२ पासून चालत आलेल्या एका राष्ट्रीय संस्थेने, ‘बेबीओ’ रचताना बाळालाच मुख्य प्रेक्षक मानले. हा प्रयोग मी एक वडील म्हणून, बाळाला मांडीवर घेऊन पाहिला आणि त्याच नात्याने त्याविषयी लिहीत आहे.

रेचल ड्रुरी यांच्या संगीतावर आधारलेल्या या प्रयोगाला कथानक म्हणावे असे काही नाही. एक बाग आहे, मधमाश्यांची गुणगुण आहे, बदके आहेत आणि ते सारे मानवी कंठातून निर्माण होते. अर्थ लावावा लागेल असे शब्द जवळजवळ नसल्यामुळे घरी मराठी ऐकणारे बाळ आणि इंग्रजी ऐकणारे बाळ इथे एकाच पातळीवर असतात. ध्वनिक्षेपकाशिवाय, अगदी जवळून येणारा कसलेला आवाज बाळाला आधी थक्क करतो आणि मग बोलके करतो. एडिंबरा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॉल्विन ट्रेवार्थन यांनी चित्रफितींच्या बारकाईने केलेल्या अभ्यासातून दाखवले होते, की दोन-तीन महिन्यांचे बाळही मोठ्या माणसाशी आवाजांची आणि हावभावांची आळीपाळीने देवघेव करते. बाळाने काढलेला हुंकार गायकाने उचलून परत केला, की ती देवघेव डोळ्यांदेखत घडते, आणि मांडी देणाऱ्या बापालाही आपण काय करायचे ते न सांगता कळते.

वडिलांसाठी याचे मोल मला विशेष वाटते. ब्रिटनमध्ये कायद्याने मिळणारी पितृत्व रजा दोनच आठवड्यांची आहे. त्यानंतर नोकरदार बापाच्या वाट्याला येते ते संध्याकाळचे, पेंगुळलेले आणि किरकिरणारे बाळ. इथे ते ताजेतवाने असते, आणि बापाकडे हातात धरायला फोन किंवा डायपरची पिशवी नसून फक्त ते बाळच असते. म्हणून माझा आग्रह असा, की शक्य असेल तर वडिलांनी बाळाला घेऊन एकट्यानेच जावे. दोघे बरोबर असले, की पहिल्या कुरकुरीला बाळ आईच्या हातात जाते (आणि तीही मागण्याआधीच हात पुढे करते).

उणीव सांगायची तर ती या एका प्रयोगाची नव्हे, तर या सबंध प्रकाराची आहे. तान्ह्यांसाठीचे प्रयोग बहुधा कामाच्या दिवशी, भर दिवसा होतात. बाळाच्या झोपेचे गणित पाहता ते समजण्यासारखे असले, तरी वडिलांनी यावे असे वाटत असेल, तर शनिवार-रविवारचे प्रयोग वाढवण्याला पर्याय नाही. शिवाय प्रेक्षकसंख्या मुद्दाम कमी ठेवलेली असल्याने तिकिटे आधीच काढून ठेवावीत. जमिनीवर बसता येईल असे कपडे घालावेत आणि प्रयोगाची वेळ बाळाच्या झोपेच्या वेळेवर येत नाही ना, हे पाहूनच तारीख निवडावी. बाळ दीड वर्षांच्या पुढे गेले असेल, तर याच संस्थेचा ‘सेन्सरीओ’ त्याला अधिक मानवेल.