फोल्डस्कोपमधून पाहिलेली पऱ्हाटीची लव

पोळ्याच्या आठवड्यात फोल्डस्कोप हाती आला, आता वेचणी सुरू आहे. एवढ्या दिवसांच्या वापरावर लिहिते. मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेत शिकवते आणि घरचं वावर कपाशीचं आहे.

स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तयार केलेला हा कागदी, घडीचा सूक्ष्मदर्शक. भिंग मण्याएवढं, पण वस्तू १४० पट मोठी दिसते. माझ्या सातवीच्या पोरांनीच तो जोडला. चुंबकाने मोबाईलला चिकटतो, त्यामुळे सगळ्यांना एकदम बघता येतं.

पहिलं पाहिलं ते कपाशीचं पान. बियाणं घेताना मामंजी नेहमी विचारतात, "वाण लवदार आहे का?" मागच्या बाजूचा पापुद्रा सोलून लावला, तर एकाच जागेतून दोन-दोन, चार-चार केस चांदणीसारखे फुटलेले. तुडतुडे पानाखाली बसून रस शोषतात, शिरांत अंडी घालतात. दाट, लांब लव त्यांना नीट बसूच देत नाही. (पांढऱ्या माशीला मात्र हीच लव मानवते.) मामंजींना दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "इतकी वर्षं बोटानंच पाहत होतो."

मग बोंड फुटलं आणि धागा लावला. कापूस म्हणजे सरकीच्या सालीवरचे केस, आणि एकेक धागा म्हणजे एकच पेशी! फूल उमलतं त्याच सुमारास ती वाढायला लागते. बोंड फुटून वाळली की चपटी होते, फितीसारखी पीळ खाते. तो पीळ स्पष्ट दिसला. त्या पिळामुळेच सूत कातताना धागे एकमेकांना धरून राहतात.

कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार-पाच दिवस पाण्यात भिजवून थेंब पाहिला, तर पॅरामेशियम हे एकपेशीय जीव पळताना दिसले. त्यांची सिलिया, म्हणजे पोहायला लागणारे अंगावरचे बारीक केस, सुटी दिसेल अशी आशा मात्र धरू नका. हा साधारण २ मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दाखवतो आणि सिलियाची जाडी पाव मायक्रॉन. नीट उजेड मिळाला तर कडा थरथरताना जाणवते, इतकंच. सुटी पाहायची तर कॉलेजची प्रयोगशाळा गाठा. वेचणीत नाकातोंडात गेलेली धूळ कफासोबत घशाकडे ढकलतात ते आपल्या श्वासनळीतले केसही याच जातीचे, हे पोरांना त्या थेंबावरच सांगितलं.

पानं, फुलं, धागे, डबक्याचं पाणी पाहायला शाळेने जरूर घ्यावा. पापुद्रा सोलायचं ब्लेड मोठ्यांच्याच हाती ठेवा. पुढची पाळी खाजकुयलीच्या शेंगेची. ती लव मी शाळा सुटल्यावर, चिमट्याने लावणार आहे.