गेम डेव्हलपर व्हायचंय? पहिलं इंजिन म्हणून गोडो कसं आहे ते सांगतो

आधीच सांगून टाकतो, ज्याला कोडिंग जेमतेम येतं किंवा अजिबात येत नाही आणि तरी गेम बनवायच्या क्षेत्रात शिरायचंय, त्याने सुरुवात गोडो इंजिनपासून (इंजिन म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) करावी असं माझं ठाम मत आहे. मी बरेच महिने वापरतोय, टूडी जास्त आणि थ्रीडी थोडंफार, त्यामुळे हा रिव्ह्यू पण नवशिक्यांच्या बाजूनेच लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे सुरू करायला काही अडत नाही. वेबसाइटवरून झिप उतरवायची, उघडायची, आतल्या फाइलवर डबल क्लिक की एडिटर समोर. इन्स्टॉल करायची भानगड नाही, अकाउंट काढायचं नाही, कुठे कार्ड नंबर द्यायचा नाही. युनिटी किंवा अनरीयल ही दुसरी मोठी इंजिनं कित्येक जीबी जागा खातात आणि साध्या लॅपटॉपला उघडतानाच धाप लागते, गोडो त्यामानाने चिमुकलं आहे. हे महत्त्वाचं आहे कारण नवीन माणसाचा अर्धा उत्साह सेटअप करण्यातच संपतो.

आणि फुकट म्हणजे खरंच फुकट. हुआन लिनियेत्स्की आणि एरियल मन्झूर या दोघा अर्जेंटिनाच्या प्रोग्रॅमर्सनी ते बनवलं आणि २०१४ मध्ये एमआयटी लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणजे उद्या तुमचा गेम धो धो चालला तरी इंजिनवाल्यांना एक पैसा द्यायचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या इन्स्टॉलमागे फी लावायची घोषणा केली तेव्हा किती जण हादरले होते आठवत असेल, वर्षभराने ती त्यांनी रद्द केली पण तोवर बरेच डेव्हलपर गोडोकडे वळले होते. आणि यात फक्त खेळणीच बनतात असं नाही, डोम कीपर, ब्रोटाटो, बकशॉट रूलेट हे सगळे गोडोमधलेच.

आता शिकायला कसं आहे ते. यात सगळं नोड आणि सीनमध्ये असतं, नोड म्हणजे चित्र, आवाज असा एकेक सुटा भाग आणि सीन म्हणजे अशा नोडची जुळणी. प्लेअर हा एक सीन, शत्रू हा एक सीन, नाणं हा एक सीन, आणि हे सगळे लेव्हल नावाच्या मोठ्या सीनमध्ये आणून ठेवायचे. भाषा जीडीस्क्रिप्ट, दिसायला पायथनसारखी. प्लेअरच्या नोडला स्क्रिप्ट जोडताना तयार टेम्प्लेट निवडलं की चालणं, गुरुत्वाकर्षण आणि उडी यांचा कोड आपोआप येतो, त्यात वेग ३०० आणि उडीचा आकडा उणे ४०० असतो. उणे का, तर स्क्रीनवर वाय अक्ष खाली वाढतो, वर जायचं म्हणजे वजा. आता तो आकडा उणे ६०० करून बघा, मग गुरुत्वाकर्षण पण वाढवून बघा, आणि लगेच हाताला कळतं की फुग्यासारखी तरंगणारी उडी आणि चपळ, टणक उडी यात फरक कशाने पडतो. मग पुढची पायरी, कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मारू द्यायची, याला कोयोटी टाइम म्हणतात. खेळणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, त्याला फक्त वाटतं की गेम आपलं ऐकतोय. गेम डिझाइन म्हणजे नेमकं काय काम असतं हे मला या एका उडीवर जितकं समजलं तितकं तासन्‌तास व्हिडिओ बघून समजलं नव्हतं, आणि गोडोमध्ये हे बदल करून परत चालवायला एखाद-दोन सेकंद लागतात म्हणून माणूस कंटाळत नाही, करत राहतो.

अजून एक सांगतो. गेम पॉज करायला एकच ओळ लागते, पण ती लिहिली की सगळंच गोठतं, पॉज मेनूची बटणंसुद्धा! मग त्या मेनूचा प्रोसेस मोड बदलावा लागतो, म्हणजे पॉजमध्येही तो चालू राहतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल पण पूर्ण झालेला गेम अशाच गोष्टींनी बनतो, मेनू, आवाजाचा स्लायडर, हरल्यावर पुन्हा सुरू करणं. अर्धवट टाकलेले दहा प्रोजेक्ट दाखवण्यापेक्षा हे सगळं नीट चालणारा पाच मिनिटांचा एक गेम दाखवलेला कधीही बरा.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. सगळ्यात त्रास जुन्या ट्युटोरियलचा. मार्च २०२३ मध्ये ४.० आलं आणि बरीच नावं बदलली, किनेमॅटिकबॉडीचं कॅरेक्टरबॉडी झालं, यील्डच्या जागी अवेट आलं, त्यामुळे व्हर्जन ३ चा व्हिडिओ बघून कोड उतरवला की लाल एररचा पाऊस पडतो आणि नवख्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. व्हिडिओ सुरू करायच्या आधी व्हर्जन बघाच. भारी थ्रीडी ग्राफिक्समध्ये अनरीयल खूप पुढे आहे, तिथे तुलनाच नको. प्लेस्टेशन, निन्टेन्डो वगैरे कन्सोलसाठी थेट एक्स्पोर्ट नाही, कन्सोल कंपन्यांच्या गोपनीयतेच्या करारांमुळे तो कोड ओपन सोर्समध्ये टाकता येत नाही, बाहेरच्या कंपनीची मदत घ्यावी लागते.

आता नोकरीचं, कारण करिअरसाठी बघताय तर हे लपवून उपयोग नाही. स्टुडिओंच्या जाहिरातीत गोडो क्वचित दिसतं, मोबाइल गेमवाले बहुतेक युनिटी आणि सी शार्प मागतात, मोठे थ्रीडी गेमवाले अनरीयल आणि सी प्लस प्लस. म्हणून माझं म्हणणं, गोडोमध्ये दोन-तीन छोटे गेम पूर्ण करा आणि मग ज्या प्रकारच्या स्टुडिओत जायचंय त्यांचं इंजिन शिका. कोलिजन लेयर (कोण कोणाला धडकणार ते), स्टेट मशीन (पात्र उभं आहे, धावतंय की उडतंय याचा हिशोब), डेल्टा टाइम (दोन फ्रेममधला वेळ), गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन) हे सगळं तसंच्या तसं कामी येतं, फक्त बटणांच्या जागा बदलतात. आणि केलेले गेम वेब एक्स्पोर्ट करून इच डॉट आयओ या छोट्या गेम्सच्या वेबसाइटवर टाका, ब्राउझरमध्ये लगेच चालला पाहिजे, कारण मुलाखत घेणारा तुमची फाइल उतरवून चालवत बसेल अशी आशा नको. लुडम डेअरसारख्या जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या ऑनलाइन स्पर्धेत उतरा, तिथे ४८ किंवा ७२ तासांत काहीतरी पूर्ण करावंच लागतं आणि अनोळखी लोक खेळून खरं काय ते सांगतात. चित्रं येत नसतील तर केनी नावाच्या वेबसाइटवरचे मोफत असेट्स, म्हणजे तयार चित्रं वापरा, प्रोग्रॅमरच्या पोर्टफोलिओत ते पूर्ण चालतं.

उतरवताना साधं व्हर्जन घ्या, डॉट नेटवालं (सी शार्प चालवणारं) नको, कारण व्हर्जन ४ मध्ये सी शार्पचा प्रोजेक्ट वेबवर एक्स्पोर्ट होत नाही. आणि पहिला गेम अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलाच करा, शत्रूंना चुकवत राहायचा छोटासा टूडी गेम आहे, तो झाला की त्यातच स्वतःची एखादी नवीन गोष्ट घालून बघा.