टाक्यांऐवजी लावायच्या चिकट पट्ट्या: घरात दोन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

माझ्या हनुवटीखाली सात टाक्यांचा व्रण आहे. १९८८ च्या मे महिन्यातला. त्यामुळे ह्या प्रॉडक्टबद्दल लिहिताना मी तिथूनच सुरुवात करणार, थोडं सहन करा.

प्रॉडक्ट म्हणजे स्किन क्लोजर स्ट्रिप. केमिस्टकडे ह्याच नावाने मागायची, बॅन्ड-एड म्हणालात तर दुसरंच हातात देतील. छोटं निर्जंतुक पाकीट असतं, आत कार्डावर पांढऱ्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या. मी ६ मिलिमीटर रुंद आणि ७५ मिलिमीटर लांब घेते, एका पाकिटात तीन येतात. बॅन्ड-एड जखम झाकतं, ही पट्टी जखमेच्या दोन्ही कडा ओढून एकत्र धरून ठेवते, म्हणजे जे काम दोरा करतो तेच, फक्त सुई नाही.

आता ८८ साल. सुट्टीत आजोळी, सातारा जिल्ह्यात, वाड्याच्या दगडी पायरीवरून मी हनुवटीवर पडले. आजीने आधी परसातला दगडी पाला हातावर चोळून त्याचा रस पिळला, मग मूठभर हळद दाबली, शेजारच्या काकू चुना घेऊन धावत आल्या, आणि मामा म्हणाला की चिंधी जाळून राख भरा, रक्त लगेच थांबतं. खरचटलं तर आमच्याकडे हेच चालायचं आणि गुडघे फुटले की दगडी पाल्याने रक्त थांबायचंसुद्धा, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण हनुवटी उघडी पडली होती, आतलं पांढरट दिसत होतं, ते हळदीने कसं मिटणार. शेवटी मामाच्या सायकलवर तालुक्याला दवाखान्यात.

तिथे मला चौघांनी धरलं. दोघांनी हात, एकाने पाय, आणि कंपाउंडरकाकांनी डोकं. आई बाहेर. आधी हळद धुऊन काढली आणि तेच सगळ्यात जास्त वेळ चाललं, चिकटलेली हळद जखमेतून निघता निघेना. मग बधिर करायचं इंजेक्शन थेट जखमेच्या कडेला. मग वाकडी सुई आणि काळा रेशमी दोरा. दुखलं इंजेक्शनच, पण लक्षात राहिला तो दोरा, कारण बधिर केलं की दुखणं जातं, ओढ जात नाही, कातडीतून दोरा सरकतोय हे कळत राहतं आणि आठ वर्षांच्या पोरीला कुणी सांगितलंच नाही की ओढ जाणवेल पण दुखणार नाही. एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं ना, तर मी ओरडले नसते. शेवटी वर कापूस ठेवून टिंक्चर बेंझॉईन ओतलं आणि खोलीभर देवघरातला वास पसरला. बेंझॉईन म्हणजे आपला धुपातला ऊदच, हे मला खूप नंतर कळलं. पण तेव्हापासून कितीतरी वर्षं घरात गुरुवारी धूप फिरवला की माझी हनुवटी आखडायची.

शाळा उघडल्यावर मात्र वर्गात माझा भाव वाढला, कुणाला किती टाके ह्यावरच तेव्हा सगळं ठरायचं, एकाच्या डोक्याला खोक पडून नऊ होते तोच माझ्या पुढे.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा, तेव्हा सहाचा, इथे पुण्यात टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटला. भुवईच्या वर सव्वा-दीड सेंटिमीटर सरळ चीर. भळाभळा रक्त, चेहऱ्याला आणि डोक्याला रक्तपुरवठा भरपूर असतो म्हणून छोट्या जखमेचंही तसं दिसतं. मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं आणि रिक्षात माझेच हात थरथरत होते, कारण चौघं धरणार हे मी आधीच बघत होते. डॉक्टरबाईंनी त्याला माझ्या मांडीवरच बसू दिलं. जखम धुतली, दाबून धरली, मग कडेच्या कोरड्या कातडीवर काडीने काहीतरी लावलं आणि तोच वास आला. ऊद. पट्टी घट्ट चिकटावी म्हणून अजूनही तेच टिंक्चर लावतात, जखमेच्या आत नाही, बाजूला. मग तीन पट्ट्या. तो सगळा वेळ भिंतीवरच्या चार्टमधले दात मोजत होता. मी रडले, तो नाही.

मग मी वाचत बसले, आणि एक गोष्ट अशी सापडली की ती सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्णच होणार नाही. १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये पुण्याजवळची एक हकीकत छापून आली होती. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान, १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक करून दिलं. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण जोडणी कशी केली हे कुणी सांगत नाही. टाके नाहीत! पानात खातो तो कात पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला, अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावल्या, आणि चार दिवस तेवढ्यावरच ठेवलं. म्हणजे चिकट पट्टीने कातडी जोडायची युक्ती आमच्या ह्या पुण्यात सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी चालत होती, आणि मी केमिस्टच्या काउंटरवर उभी राहून ही नवीन भानगड काय आहे म्हणून विचारत होते. (कात घरी लावू नका हे वेगळं सांगायला नको. त्या माणसाच्या हातात जे होतं ते आपल्या हातात नाही.)

आता वापर. डॉक्टरांकडून नीट समजून घेऊन मी पाकिटं घरात ठेवायला लागले आणि त्यानंतर दोनदा लावल्या. पहिल्यांदा माझ्या तळहाताच्या मागच्या बाजूला, विळीचं पातं लागलं होतं, उथळ आणि सरळ. वाहत्या नळाखाली धुतलं, स्वच्छ रुमालाने दहा मिनिटं दाबून धरलं, मध्ये उचलून बघायचं नाही हे महत्त्वाचं. कातडी पूर्ण कोरडी. मग पहिली पट्टी जखमेच्या मधोमध, अर्धी एका बाजूला चिकटवायची, कडा बोटाने जवळ आणायच्या आणि उरलेली अर्धी पलीकडे. बाकीच्या दोन्ही बाजूंना, मध्ये थोडी फट ठेवून. फट लागतेच, आतलं पाणी बाहेर यायला. नवव्या दिवशी आपोआप सुटल्या, आता रेघसुद्धा शोधावी लागते.

दुसऱ्यांदा मुलाचा गुडघा, आणि तिथे नाही जमलं. दोन तासांत पट्ट्या निघाल्या. गुडघा वाकतो, घाम येतो, ताण बसतो, आणि मी वरून सवयीने मलमही चोपडलं होतं, मलमाने तर गोंद सुटतोच. सांध्यावर टाकेच बरे, तिथे डॉक्टर ते दहा ते चौदा दिवस ठेवतात, चेहऱ्यावरचे पाचेक दिवसांतच काढतात. गुडघ्याला शेवटी तीन टाके पडले. पण आधी मी त्याला सांगितलं, "ओढल्यासारखं वाटेल रे राजा, दुखणार नाही." त्याने नर्सताईंना विचारलं, "आता ओढणार का?" आणि हात कुणालाच धरावे लागले नाहीत.

केसांतही ह्या पट्ट्या चिकटत नाहीत. डोक्याची खोक असेल तर डॉक्टरांकडे आणखी एक उपाय असतो, दोन्ही बाजूंच्या केसांच्या बटा एकमेकींत पिळून त्यावर कातडीच्या ग्लूचा थेंब. तो ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेटच, म्हणजे आपल्या घरातल्या झटपट गोंदाचा भाऊबंद, पण औषधी प्रकार वेगळा आणि निर्जंतुक. घरातला गोंद जखमेत अजिबात घालू नका, तो कातडीला त्रास देतो. आमच्या सोसायटीत एकाने घातलेला मी बघितलाय, बोट आठवडाभर लाल होतं.

आणि ह्या पट्ट्या कुठे लावायच्याच नाहीत ते नीट वाचा. दाबूनही रक्त थांबत नसेल, आत चरबी किंवा आणखी खोल काही दिसत असेल, कडा फाटक्या असतील, बोट वाकवता येत नसेल किंवा बधिर लागत असेल तर सरळ दवाखाना. कुत्रं चावलं असेल तर मिटवायची घाईच करायची नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच रेबीजच्या लसीसाठी जायचं, हळद-चुना-मिरची काही नको. बोटाला पट्टी पूर्ण गोल गुंडाळू नका, सूज आली की रक्त अडकतं. आणि पट्टी लावली म्हणून धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विषय संपत नाही, शेवटचं कधी घेतलं ते बघा.

तक्रार एकच, पाकिटावरच्या सूचना इतक्या बारीक इंग्रजीत असतात की माझ्या आईला वाचता येणार नाहीत, आणि घरात नातवाला लागतं तेव्हा बहुतेक वेळा तीच जवळ असते. मी मराठीत कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय. पाच पैकी साडेचार.

काढताना ओढू नका. सुटली नसेल तर कोमट पाण्याने ओली करून दोन्ही टोकांकडून जखमेकडे आणायची, उलटं केलं तर मिटलेली कड परत उघडते. मुलाच्या कपाळावरच्या तीन पट्ट्या आईनेच अशा काढल्या, आठव्या दिवशी, त्याला मांडीवर झोपवून. मग बराच वेळ ती त्या बारीक गुलाबी रेघेवर बोट फिरवत बसली होती, आणि नंतर माझी हनुवटी वर करून बघितली.