डीएपीचं पोतं की पीएसबीची बाटली?

डीएपी या रासायनिक खताच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो स्फुरद (फॉस्फरस, P₂O₅ च्या मापात) असतं, हिशेब सरळ. पण शिरोळच्या काळ्या रानात त्यातलं बरंच चुन्याला चिकटून बसतं, गगनबावड्याच्या तांबड्या मातीत लोह-ॲल्युमिनियमला.

पीएसबीचे, म्हणजे स्फुरद विरघळवणारे, जीवाणू नवं स्फुरद आणत नाहीत. मुळांभोवती सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेलं सोडवतात, एवढंच. त्यांना जगायला ओल लागते, शेणखत लागतं, मुळांतून पाझरणारी साखर लागते. पाचट पेटवलेल्या कोरड्या रानात बाटली ओतून काय होणार? मी तर ओलसर शेणखतात कालवून संध्याकाळी उसाच्या सरीत टाकतो; रासायनिक खतात कधीच मिसळत नाही. वर्षानुवर्षं डीएपी पडलेल्या रानात आधी पीएसबी. माती परीक्षणात स्फुरद कमीच आलं, तर मात्र पोतं हवंच.