पावसाळ्यासाठी भुसा घेताय? आधी पोतं तळापासून उघडा

आमच्या आजऱ्याकडे पाऊस एकदा लागला की कोंबड्यांच्या आवारात नुसता राडा होतो. विष्ठा चिखलात कालवते, रक्ती हगवणीची भीती वाढते. म्हणून दरवर्षी मे महिन्यातच आवारात पसरायला मी राइस मिलमधून भाताचं तूस आणून ठेवते. यंदा वीटभट्टीवाल्यांनी सगळं तूस आधीच उचललं होतं, आणि शेडमध्ये कावेरी जातीच्या कोंबड्यांची 150 पिल्लं पाच आठवड्यांची झालेली. त्यांना बाहेर सोडायची वेळ आली होती.

नेमका त्याच वेळी एकाचा फोन आला. "ताई, सागाचा भुसा आहे, थेट वखारीतला, एकदम कोरडा." नमुन्याला एक पोतं घेऊन तो स्वतः घरी आला. माल खरंच चांगला होता, पिवळसर, हलका, रंध्याच्या पातळ साली असलेला. भाव किलोवर सांगितला, 6 रुपये. मी 40 पोती सांगितली आणि त्याने मागितले म्हणून सगळे 8,400 रुपये फोनवरून आधीच पाठवले. पैसे गेले ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर. तेव्हाच थांबायला हवं होतं.

टेम्पो आला रात्री साडेआठला, भर पावसात. ड्रायव्हरने घाईघाईत पोती पडवीत टाकली. वजनाच्या चिठ्ठीवर 1,400 किलो होतं, म्हणजे पोत्याला 35 किलो. कोरड्या भुशाचं पोतं एवढं भरत नाही, हे मला त्या रात्री सुचलं नाही. पहिली चार पोती उघडली, ती नमुन्यासारखीच निघाली. सासूबाई मात्र पडवीत येऊन म्हणाल्या, "वास कुबट येतोय बघ." मी म्हटलं, पावसाची हवा आहे, आणि दुसऱ्या दिवशी सहा पोती मागे ठेवून बाकीचा भुसा गडी लावून आवारात पसरून घेतला.

आठव्या दिवशी पिल्लं मान ताणून, चोच उघडून श्वास घ्यायला लागली. सर्दीत जशी घरघर ऐकू येते तशी नव्हती, आवाज न करता धापत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू माझ्यासमोर उघडलं. फुप्फुसावर बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट-पांढऱ्या गाठी होत्या. "ॲस्परजिलस बुरशी आहे. कुजलेल्या भुशातनं श्वासावाटे जाते. यावर औषध चालत नाही, भुसा काढा," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या पिल्लाच्या दाणे दळणाऱ्या जाड पोटात स्टेपलची पिन रुतलेली होती.

घरी येऊन मी उरलेली सहा पोती पडवीत ओतली. वरचा वीतभर थर सागाचा. खाली काळपट, ओला, गोळे झालेला भुसा, हात घातला तर आतून गरम, मधे पांढऱ्या बुरशीचे पट्टे. त्यात सनमायकाचे तुकडे, रंगाचे पापुद्रे आणि पिठासारखी बारीक पूड, ज्याने डोळे चुरचुरले. ती फर्निचरच्या कारखान्यातली एमडीएफची, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांची होती. एमडीएफमध्ये फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो. असला भुसा कोंबड्यांखाली कधीच घालू नये, आणि नंतर खत म्हणून शेतातही टाकू नये.

31 पिल्लं गेली. रोज सकाळी पाटी घेऊन आत जायचं आणि मोजायचं, ते दिवस आठवले तरी पोटात कालवतं. आवार खरवडून काढलं, मोरचुदाचं पाणी फवारलं, वाळल्यावर चुना मारला. त्या माणसाचा फोन लागेना. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला तर त्यांनी बिल मागितलं. माझ्याकडे शिक्का नसलेली वजनाची चिठ्ठी होती, बस्स.

आता मी वखारीत स्वतः जाते आणि माल किलोवर नाही, पोत्यावर घेते. पोत्याच्या तळातला मूठभर भुसा घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर माल परत. कोरडा भुसा लगेच सुटा होतो. कुबट वास आला तर दाबून बघायचीही गरज नाही. दिवसाउजेडी उतरवायचा, पैसे त्यानंतर द्यायचे.

मागच्या आठवड्यात गडहिंग्लजकडच्या एका ताईंना अगदी असाच फोन आला, तोच सागाचा भुसा, तोच 6 रुपये भाव. माझं ऐकून त्यांनी सांगितलं, दुपारी या, सगळी पोती तळापासून उघडून बघणार, मग पैसे. टेम्पो आलाच नाही.