घोड्याबरोबर उपचाराचं काम करायचंय? बारावीनंतर कुठली वाट धरावी

गेल्या महिन्यात निपाणीकडच्या एका खेड्यातून एक मुलगी वडिलांना घेऊन मला भेटायला आली. बारावी सायन्स, पीसीबी. घरी शर्यतीच्या घोडागाडीचा घोडा. खरारा करणं, चंदी भिजत घालणं, नालबंद आला की पाय धरणं हे लहानपणापासून तिचंच काम. चुलतभावाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं. तिने मोबाइलवर अमेरिकेतल्या एका कॉलेजची माहिती उघडून माझ्यापुढे धरली. विषय होता थेरप्युटिक हॉर्समनशिप, म्हणजे अपंगांसाठी घोडा वापरून करायचं काम. "मॅडम, मला हेच शिकायचंय. जाऊ का?" वडील काही न बोलता माझ्याकडे बघत होते.

मी बेळगावात लहान मुलांची फिजिओथेरपी करते आणि काही वर्षांपासून रविवारी सकाळी घोड्यावरही मुलांना घेते. तिच्याशी तासभर जे बोलले ते इथे लिहिते, कारण चिकोडी, रायबाग, अथणी, खानापूर भागात घोड्याचा लळा असलेली आणि घरात किंवा शेजारी असं मूल असलेली पोरं आणखीही असणार.

आधी एक फरक समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच ठरतो. या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. अपंग मुलाला त्याच्या ताकदीप्रमाणे घोडेस्वारी शिकवणं हे एक. ते शिकवणारा असतो प्रशिक्षक. दुसरं काम म्हणजे घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून वापर करणं, म्हणजे हिप्पोथेरपी. ते फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टच करतात. अमेरिकेतही हाच नियम आहे. तिथली हॉर्समनशिपची पदवी घेऊन तुम्ही उत्तम प्रशिक्षक व्हाल, पण मुलाच्या आखडलेल्या स्नायूंवर उपचार करायचा अधिकार त्या पदवीने मिळत नाही.

तरीही ती पदवी हलकी नाही. त्यात घोड्याची शरीररचना आणि निगा, अपंगत्वाचे प्रकार, मानसशास्त्र, धड्याची आखणी, केंद्र कसं चालवायचं हे सगळं येतं, आणि शिकतानाच खऱ्या मुलांबरोबर उभं राहावं लागतं. आपल्याकडे इतकं सलग कुठे शिकवत असल्याचं माझ्या माहितीत नाही. प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणारी पाथ इंटरनॅशनल ही तिथली संस्था १९६९ पासून काम करते. म्हणजे मागे पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव आहे. पण खर्च वर्षाला हजारो डॉलर. तिथली बरीचशी केंद्रं देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतात, त्यामुळे प्रशिक्षकाची नोकरी अनेकदा अर्धवेळच असते. कॉलेजंही टिकतीलच असं नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं सेंट अँड्र्यूज विद्यापीठ याच विषयासाठी ओळखलं जायचं, ते २०२५ मध्ये बंद पडलं. शेत गहाण टाकून मुलीला पाठवायच्या आधी घरच्यांनी एवढं तरी समोर ठेवावं.

आणि परत आल्यावर? पुनर्वसन परिषदेचा १९९२ चा कायदा घ्या किंवा आरोग्यसेवांमधल्या व्यावसायिकांसाठीचा २०२१ चा कायदा घ्या, नोंदणी होणाऱ्या व्यावसायिकांत घोडेस्वारी प्रशिक्षक हा वर्गच नाही. एखाद्या खाजगी रायडिंग क्लबमध्ये किंवा स्वतःच्या केंद्रात काम मिळेल. हॉस्पिटलात त्या पदवीवर जागा मिळणार नाही.

दुसरी वाट आपल्या दाराशी आहे. बेळगावात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, कोल्हापूर आणि कराडलाही आहेत. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, आतापर्यंत इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची होती, नव्या आराखड्यात ती पाच वर्षांची होते आहे. महाराष्ट्रात या प्रवेशासाठी 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी सोय आहे. हे कितीतरी घरांना माहीतच नसतं. गावाचं नाव त्या यादीत आहे का बघा, आणि दाखले निकालाच्या आधीच काढून ठेवा. तहसीलच्या फेऱ्यांत शेवटची तारीख हुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

बीपीटीत घोडा नाही, हे मात्र खरं. चार-पाच वर्षं हाडं, स्नायू, नसा, वॉर्ड, ओपीडी. घोडेवेड्या मुलीचा जीव त्यात गुदमरेल. पण घोड्यावर बसलेल्या मुलाच्या अंगात काय चाललंय हे तिथेच कळतं.

रविवारचा एक प्रसंग सांगते. सहा वर्षांचा मुलगा, दोन्ही पाय आखडलेले, उभं केलं की कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे. आम्ही खोगीर घालत नाही, पाठीवर नुसतं कांबळं टाकतो, कारण घोड्याच्या अंगाची ऊब मांडीला लागायला हवी. घोड्याचं अंग अडतीस अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा जरा जास्तच. एक जण घोडा धरून पुढे आणि मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण. घोडा साध्या चालीने चालला की बसलेल्याची कंबर पुढे-मागे होते, डाव्या-उजव्या अंगाला जाते आणि थोडी वळते, अगदी आपण चालताना होते तशीच. मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं. दहा मिनिटांत हजारभर वेळा त्या मुलाच्या कमरेला चालण्याची ओळख होते. क्लिनिकमध्ये चेंडूवर बसवून मी हे करू शकत नाही. दहाव्या मिनिटाला त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला हात ठेवला, तर सुरुवातीला दोरीसारखा ताठ लागलेला स्नायू दाबला जाऊ लागला होता.

घोडा रायबागकडचा, त्याला कन्नडच कळतं. मुलगा घरी मराठी बोलणारा, तेही दोन-चार शब्द. घोडा थांबला की मुलाने "नडी", म्हणजे कन्नडमध्ये "चल", म्हणायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला. घोड्याचे कान मागे वळले आणि घोडा चालू लागला. त्याची आई कुंपणापाशी उभी होती, ती मटकन खाली बसली.

आता ते मूल पुढे किती चालेल, हे मी सांगू शकत नाही. या उपचारावरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत आणि निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. बसण्याचा तोल, आखडलेपणा यात फरक दिसतो. घोड्यावर बसवलं की मूल पळायला लागेल असं कुणी सांगितलं, तर तिथून उठा. कुणाला बसवायचं नाही हे ओळखायलाही शिक्षणच लागतं. डाउन सिंड्रोमच्या मुलांत मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, ते तपासल्याशिवाय बसवायचं नाही. खुब्याचा सांधा सरकलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, तरी नाही. प्रेमाने केलेल्या चुकीनेही मूल कायमचं जायबंदी होतं.

मुलीला मी बीपीटीच्याच वाटेचा सल्ला दिला, आणि त्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकन हिप्पोथेरपी असोसिएशनचे अभ्यासक्रम मुळात थेरपिस्टांसाठीच असतात. बीपीटी झाल्यावर ते दार उघडतं, हॉर्समनशिप आधी केली तर उघडत नाही. काही कारणाने घोडा सुटलाच, तरी हातात नोंदणी असलेला व्यवसाय राहतो. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, पण तालुक्याच्या गावी स्वतःचं क्लिनिक टाकून पोट भरता येतं.

बाकीच्या वाटा थोडक्यात. मुलांना शिकवायची आवड असेल तर पुनर्वसन परिषदेचा विशेष शिक्षणाचा डिप्लोमा बारावीनंतर दोन वर्षांत होतो. ऑटिझमच्या मुलांबरोबर घोड्याचं काम करायला तो उपयोगी पडतो, आणि सगळ्यात कमी खर्चाची वाट तीच. बोलण्याच्या अडचणींवर काम करायचं असेल तर म्हैसूरची वाचा-श्रवण संस्था आहे, १९६५ पासूनची. तिथला पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा. आणि मुलापेक्षा घोड्यावर जास्त जीव असेल, तर तसं स्वतःशी कबूल करून पशुवैद्यकीला जा. साडेपाच वर्षं लागतात, सरकारी कॉलेज आता अथणीतही आहे. त्यात कमीपणा काही नाही. मुलांची लाळ, रडणं, महिनोन्‌महिने तेच ते करणं ज्याला नको वाटतं, त्याने या कामात येऊ नये.

बीपीटी करताना घोडा सोडायचा नाही, हे मात्र मी तिला बजावलं. हे शिक्षण पुस्तकात नाही. पुण्या-बेंगळुरूच्या रायडिंग क्लबमध्ये सुट्टीत शिस्तशीर शिकता येतं. पण कानांवरून घोड्याचं मन ओळखणं, पाय गरम आहे का ते हाताने बघणं, पोट दुखतंय का हे त्याच्या लोळण्यावरून समजणं, हे आपल्या भागातल्या जुन्या घोडेवाल्यांकडून आणि मेंढरांबरोबर तट्टं घेऊन फिरणाऱ्या धनगरांकडून शिकावं. त्यांची तट्टं लहान चणीची, सोशिक, गर्दीला न बुजणारी. मुलांसाठी मला तीच आवडतात. घोडा कुठूनही आणा, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी केल्याशिवाय मुलांना जवळ नेऊ नका. तो रोग माणसाला होतो.

निघताना वडील पहिल्यांदा बोलले. "मग आमचा घरचा घोडा चालंल का, बाई?"

मी नाही म्हटलं. शर्यतीच्या घोड्याला आरोळी ऐकली की उसळी मारायला शिकवलेलं असतं. आमच्या कामाचा घोडा मूल किंचाळलं, व्हीलचेअर पायाला आपटली, आयाळ कुणी मुठीत गच्च धरून ओढली, तरी जागचा हलता कामा नये. त्यांचं तोंड उतरलं. मुलीने मात्र विचारलं, त्याला आता शर्यतीला जुंपलंच नाही तर? मी तिला सांगितलं, सहा महिने रोज त्याच्याजवळ छत्री उघड, प्लॅस्टिकची पिशवी वाजव, भावाची व्हीलचेअर त्याच्याभोवती फिरव, पण भाऊ त्यात बसलेला नको. काय होतं ते वहीत लिहून ठेव आणि मग मला दाखव.

परवा तिने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. छत्री, दिवस चौथा: दोन पावलं मागे सरला, मग चंदी खायला लागला.