अस्सल भाग हवे असतील तर: जुनी फेवर लुबा की जुनी सिको फाइव्ह?

रोज बांधायला एकच जुनं घड्याळ घ्यायचं आणि तेही शक्यतो कंपनीतून निघालं तसंच, असं ठरलं की मुंबईत शोध बहुतेक वेळा या दोन नावांवर येऊन थांबतो. एकीकडे फेवर लुबा या स्विस कंपनीची सी किंग किंवा सी चीफ, दुसरीकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातली जपानी सिको फाइव्ह. मी दोन्ही वापरल्या. नीट सर्व्हिस झालेली असेल तर वेळेच्या बाबतीत दोघींबद्दलही तक्रार नाही. अडतं ते अस्सलपणावर.

देखणेपणात फेवर लुबा पुढे, हे आधीच मान्य करतो. चपटी, हलकी, शर्टाच्या बाहीखाली सहज जाणारी. शिवाय ही कंपनी १८६५ मध्येच मुंबईत आली, त्यामुळे गिरगाव-दादरकडच्या कितीतरी घरांत आजोबांची एक तरी निघतेच. साठच्या दशकातल्या काही मॉडेलांत दोन स्प्रिंगांचं मशीन आहे. एकदा किल्ली दिली की दोन दिवस निघतात. झाकण उघडून बघायला सुख वाटतं.

पण डायल! माझं तिथेच बिनसलं. एका दुकानातून घेतलेली सी किंग मी एका जुन्या घड्याळजींना दाखवली. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "कंपनीचीच आहे, डोळे झाकून वापरा." दुसऱ्यांनी तीच डायल उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, "रंगवलीय हो, पण छान रंगवलीय." तिसरे नुसतेच हसले. आपल्याकडे डायल नव्याने रंगवून छापणारे कारागीर फार जुने. काळी पडलेली डायल गिऱ्हाइकाला नको असायची, म्हणून दुरुस्तीबरोबर तीही नवी करून द्यायचे. त्यात फसवणूक नव्हती, सेवा होती. आज परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात, तो भाग वेगळा. बटबटीत काम ओळखता येतं. सहाच्या खालचं ‘स्विस मेड’ गायब असतं किंवा फुगलेलं असतं, मिनिटांच्या रेघा एका बाजूला जाड होतात, नावातली अक्षरं काठाशी पसरतात. चांगलं काम मात्र पकडायला फेवर लुबाच्या डायलवर आधारच सापडत नाही. मी पाहिलेल्या एकाही डायलवर मॉडेलचा क्रमांक नव्हता, त्यामुळे पडताळायचं कशाशी? मशीनच्या पुलावर, म्हणजे आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, कंपनीचं नाव आहे म्हणून मशीन कळतं. डायल कळत नाही. किल्ली द्यायची बाजूची चावी बदललेली असली तर आणखी एक शंका.

सिकोचं तसं नाही. भिंग घ्या आणि डायलच्या अगदी खालच्या काठाला बघा. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत ‘जपान’ आणि एक क्रमांक छापलेला असतो. मागच्या झाकणावर दुसरा क्रमांक, आत रोटरवर (हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग गुंडाळणाऱ्या अर्धगोल वजनावर) मशीनचा. झाकणावरचा ७००९ ने सुरू होत असेल, तर डायलवरचाही ७००९ नेच सुरू व्हायला हवा आणि रोटरवर ७००९ए असायला हवं. पुढचे आकडे डायल आणि झाकणावर वेगळे असू शकतात, त्याने दचकू नका. त्याच मॉडेलचे दोन-चार फोटो शोधून ताडून घ्या. झाकणावरच्या सिरियल नंबराचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिना. दशक मात्र मशीनवरून आपणच ताडायचं. आणि हाच क्रमांक रंगवणाऱ्याचा वैरी! इतकं बारीक छापणं अवघड, म्हणून बहुतेक जण तो गाळतात, नाहीतर त्याचा ठिपका करून ठेवतात. सहाखाली कोरी पट्टी दिसली की माझ्यापुरता विषय संपतो.

सिको निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. सुटे भाग मुबलक, त्यामुळे तीन घड्याळांचं मिळून एक केलेलं सर्रास दिसतं. काट्यांतला अंधारात चमकणारा लेप पांढराफटक आणि डायलवरचा पिवळट असेल तर काटे बाहेरचे असण्याची शक्यता धरा. केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, कडा पॉलिशने गोल झाल्या असतील तर त्या परत येत नाहीत. वाराची चकती अरबी निघाली तर मात्र घाबरू नका. गल्फमधून कुणाच्या तरी मामाने आणलेली असेल, आणि तीही अस्सल असू शकते.

तुमच्या घरात आजोबांची फेवर लुबा असेल, कधी रंगवायला दिली नाही असं घरचे खात्रीने सांगत असतील, तर माझं काही ऐकू नका. डागांसकट तीच बांधा. बाजारातून घ्यायची असेल तर मी आपला सिकोकडे झुकेन. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला जाण्याआधी (शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, रस्त्यावर जुना बाजार भरतो) विक्रेत्याकडून डायलच्या खालच्या काठाचा आणि उघडलेल्या झाकणाचा फोटो मागवा. "साहेब, येऊनच बघा ना" असं उत्तर आलं तर टॅक्सीचे पैसे वाचवा.